एका दाराचं घर

साधं राहायला डोकं लागतं, असं साहेबांचं मत होतं. आणि ते आपल्याला आहे, हेही त्यांचंच मत होतं.

साहेब म्हणजे कुणी बडे अधिकारी नव्हेत. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात टेबलावर वाकून उभा जन्म पट्टी-पेन्सिल चालवलेला माणूस. ‘साहेब’ हे नाव बायकोनं ठेवलेलं, लग्नानंतर लगेच, वैतागून. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे तिला जग ‘बाई’ म्हणायचं. साहेब एरवी ‘अगं’ म्हणायचे आणि अडचणीत सापडले की ‘बाई’.

रिटायर झाल्यावर गावात जाऊन शांत, साधं राहायचं, हे त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच जाहीर केलं होतं. मग मुलगी झाली. बढती येता येता शेजारच्या टेबलाला गेली. सासूबाईंनी अंथरूण धरलं, मुलीचं लग्न झालं, आणि गाव आपलं पुढे पुढे सरकत राहिलं. एवढ्या काळात साहेबांनी त्या न मिळालेल्या घराचे इतके नकाशे काढले की त्यांच्या कोऱ्या बाजूवर बाईंनी वर्गातल्या मुलांना बेरजा-वजाबाक्या घालून दिल्या.

शेवटी घर मिळालं. गावाच्या टोकाला दोन खोल्या, मोठं अंगण, पुढे एक दार, मागे एक दार. साहेब आधी एकटेच जाऊन आले आणि गवंड्याकडून मागचं दार बुजवून घेतलं.

“दोन माणसांना दोन दारं कशाला?” परत आल्यावर ते म्हणाले. “तिथे आता तुला डबे ठेवायला मस्त फळ्या केल्यात.”

“मला विचारलंत?”

“तुला आवडणारच.”

बाईंनी लांब श्वास घेतला. असे श्वास घेऊन घेऊन त्यांची छाती पोहणाऱ्या माणसासारखी झाली होती. त्यांची अट एकच होती: कपाट बरोबर येणार. त्यांचे वडील सुतार होते आणि हे सागवानी कपाट त्यांनी लेकीच्या लग्नात स्वतः करून दिलं होतं. सांधे असे बसवलेले की ते सुटे करायचं म्हटलं तरी होणार नाही.

“दाराचं माप मी घेतलंय,” साहेब म्हणाले. “कपाट आरामात जातं. मापं घेण्यात माझा जन्म गेला.”

माप बरोबरच होतं. फक्त ते चौकटीच्या आतून घ्यायच्याऐवजी बाहेरून घेतलेलं होतं.

सामान यायच्या दिवशी साहेब घरात उभे राहून “येऊ द्या, येऊ द्या” करत होते. हमालांनी येऊ दिलं. कपाट अर्धं आत गेलं आणि थांबलं. हमालांनी खांदा लावला, तसं ते बुचासारखं गच्च बसलं. मग “आणखी माणसं घेऊन येतो” म्हणून ते टेम्पोत बसून गेले, ते गेलेच.

आता अंगणात बाई, पलंग आणि खुर्च्या. घरात साहेब. मधे कपाट. खिडक्यांना गज. कपाटाच्या वर जी फट उरली होती, तिच्यातून एखादं मांजर गेलं असतं, तेही उपाशी असतं तर.

साहेब खिडकीशी आले. “अगं, कुणाकडून तरी करवत आण. कपाटाचं एक अंग जरासं...”

“तुमचंच एक अंग जरासं कापते. मग गजांतून याल बाहेर.”

“चिडू नकोस. विचार करू दे मला.”

“तुम्ही आत आहात तेच बरंय,” बाई खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. “बाहेर असता तर माझ्या हातून काय झालं असतं, सांगता येत नाही.”

नेमका त्याच वेळी गावातला दूधवाला नव्या घराला दूध हवं का विचारायला आला होता. त्यानं गजांमागचा माणूस पाहिला, दाराला लावलेलं कपाट पाहिलं, समोर राखणीला बसलेली बाई पाहिली.

“मावशी, काका आत का?”

“स्वतःच्या कर्मानं,” बाई म्हणाल्या.

तो मान हलवून निघून गेला. पहिल्या घरी त्यानं सांगितलं, की नवीन बाईनं नवऱ्याला कोंडलंय. दुसऱ्या घरापर्यंत काका डोक्यानं जरा अधू झाले. पाण्याच्या टाकीपाशी गोष्ट पोचली तेव्हा काका इतके हाताबाहेर गेले होते की दाराला कपाट लावावं लागत होतं.

थोड्याच वेळात दवाखान्यातली नर्स बॅग घेऊन हजर झाली. मागोमाग निम्मं गाव. माणसं पलंगावर बसली, खुर्च्यांवर बसली, उरलेली कुंपणावर.

“आजोबा, हात बाहेर काढा बरं,” नर्स प्रेमानं म्हणाली.

“मला काही झालेलं नाही. मी अडकलोय.”

“हो हो. तसंच वाटतं सुरुवातीला.” तिनं गजांतून दंडाला पट्टा गुंडाळला. ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. “आज वार कोणता, सांगाल?”

रिटायर झाल्यापासून वाराशी साहेबांचा संबंध सुटला होता. “बुधवार?” ते अंदाजानं म्हणाले.

गर्दीतल्या एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

“बाई,” साहेब कळवळून म्हणाले, “यांना सांग ना काहीतरी.”

बाईंनी सांगितलं. मापापासून सगळं. गाव पोट धरून हसलं. हसता हसता कुणीतरी गवंड्याला बोलावून आणलं. मागचं दार फोडावं, असं ठरत होतं.

“ते नाही फुटायचं लवकर,” गवंडी म्हणाला. “साहेब म्हणाले होते, पक्कं बुजव. आणि नळाचा पाइपही तिथूनच न्यायला लावलाय त्यांनी. एकतर कपाट कापा, नाहीतर पुढची चौकट काढतो.”

सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी तोंड उघडलं. मग त्यांचं लक्ष बाईंकडे गेलं. बाई कपाटावर हात ठेवून उभ्या होत्या आणि हसत नव्हत्या.

ते हळू आवाजात म्हणाले, “तुला इथे यायचंच नव्हतं का गं?”

“यायचं होतं. किती वर्षं मीही हेच घर बघत होते. पण त्या एवढ्या नकाशांत एकदा तरी विचारलंत, ओटा कुठे हवाय म्हणून?”

साहेबांना आठवून बघावं लागलं. आठवलं काहीच नाही.

“आता विचारतो,” ते म्हणाले. “काय करायचं?”

“चौकट काढा,” बाई गवंड्याला म्हणाल्या. “आणि अहो, तुम्ही मागे सरका. मदत करू नका.”

चौकट निघाली, बाजूच्या चार विटा निघाल्या, आणि कपाट अंगाला ओरखडासुद्धा न लागता आत गेलं. साहेब बाहेर आले. नर्सनं पुन्हा एकदा त्यांचं ब्लडप्रेशर बघितलं आणि गाव पांगलं. चौकट नव्यानं बसवायला सुतार लागणार होता, आणि सुतार बाहेरगावी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना जाग आली ती बोलण्याच्या आवाजानं. पुढच्या खोलीत शेजारच्या दोघी-तिघी कपाट बघायला आल्या होत्या. वाजवायला दारच नव्हतं, म्हणून आत आल्या होत्या. त्यांतल्या एक मावशी सांधे आतून कसे दिसतात ते बघायला कपाटात डोकावत होत्या. दूधवाल्यानं दूध परस्पर गॅसवर ठेवलं होतं.

साहेब तोंडात ब्रश घेऊन भिंतीतल्या भगदाडाकडे बघत उभे होते. त्यांचे डोळे बारीक झाले. हे डोळे बाई ओळखून होत्या.

“अगं, मी काय म्हणतो, दाराऐवजी इथे जर...”

बाई वळल्या.

साहेबांनी ब्रश बाहेर काढला. “म्हणजे, तुला काय वाटतं?”

“मला वाटतं,” बाई चहाचं आधण वाढवत म्हणाल्या, “आधी त्या मावशींना कपाटातून बाहेर काढा.”