फिक्कं खाणारी वीस माणसं

"तिखटानं पोटाला काहीही होत नाही!" डॉक्टर साक्षी खुर्चीवरून उठून अक्षरशः नाचली आणि हातातला तक्ता तिने वॉर्डबॉय बुद्धभूषणच्या नाकासमोर फडकवला.

१९९८ सालचा एप्रिल होता. कोल्हापूरच्या एका दवाखान्यात साक्षी एम.डी.चा प्रबंध करत होती. विषय, तिखट आणि जठरातले व्रण. तिखट खाणारे वीस आणि तिखट अजिबात न खाणारे वीस, अशा चाळीस जणांच्या पोटात तिने दुर्बीण घालून पाहिली होती. दोन्ही गटांचे आकडे अगदी सारखे आले. पथ्य सांगताना डॉक्टर आधी ताटातली मिरची काढून घेतात. ती मिरची निर्दोष सुटली होती, आणि तीही कोल्हापुरात! प्रबंध सोमवारी विद्यापीठात जायचा होता. गाईडची सही झाली की वर्षाची मेहनत सार्थकी लागणार होती.

"म्याडम, आता पेपरात फोटो येनार तुमचा," बुद्धभूषण म्हणाला. "मी मागं हुबा ऱ्हातो."

गाईड डॉ. चांदोरकर मात्र पुण्याहून आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "सगळं छान आहे गं. पण कोल्हापुरात तिखट न खाणारी वीस माणसं तुला मिळाली कुठे?"

"एका दिवसात मिळाली, सर! रांग लागली होती."

"मला त्यातलं एक दाखव."

मग तिघे जीपने कागलला सरुबाईंच्या घरी गेले. त्यांच्या फॉर्मवर 'तिखट : अजिबात नाही' असं ठसठशीत लिहिलेलं होतं. निरोप आधीच पोचल्यामुळे सरुबाईंनी ताटं वाढूनच ठेवली होती.

"बसा पावणं. पोटाचं डाक्टर म्हनून आज नेहमीपरास फिक्कं केलंय. बारक्या पोराचं जेवान समजा की."

सरांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडात घातला. क्षणभर काहीच झालं नाही. मग कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या आणि उचकी सुरू झाली ती थांबेना. सरुबाईंनी घाईघाईने ताक दिलं. ताकालाही मिरचीची फोडणी होती.

"आगं बाई! लईच आळणी झालं का?" सरुबाई घाबरल्या.

"यात... उक्... तिखट किती?"

"न्हाईच की! ह्ये एवढंच." सरुबाईंनी ओंजळ करून दाखवली. "तिखट खात्यात आमचं थोरलं दीर. त्यास्नी ताटात वरनं घ्यावं लागतंय. आमी आपली साधी मान्सं."

"साक्षी, तू हे तपासलं होतंस ना?"

"हो सर. वीसच्या वीस घरांत मी स्वतः जेवले. कुठेच मला तिखट..." ती थांबली. बोलता बोलता तिची वाटीभर आमटी संपली होती.

तिचा चेहरा खर्रकन उतरला. दोन गट नव्हतेच. चाळीसही माणसं एकाच गटातली होती आणि ती स्वतः एक्केचाळिसावी. सोमवार हातचा गेला! तिला रडूच कोसळलं. डोळे सरांचेही वाहत होते, त्यामुळे आधी समजूत कुणाची घालावी ते सरुबाईंना कळेना.

उचकी थांबल्यावर सर नरमले. "सहा महिन्यांची मुदत मी मिळवून देतो. पण तिखट न खाणारी खरी माणसं शोध."

"एक घावला की!" बुद्धभूषणने कोरा फॉर्म सरांपुढेच सरकवला.

सरांनी हसत सही केली आणि बाकीची माहिती पुण्याहून भरून पाठवतो म्हणत फॉर्म खिशात घातला. साक्षीने डोळे पुसले आणि वहीतल्या नव्या रकान्यात त्यांचं पहिलं नाव लिहिलं. तिला पुन्हा हुरूप आला. निघताना, पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून सरुबाईंनी सरांना घरच्या तिखटाचा डबा दिला.

तीन आठवड्यांनी पुण्याहून लिफाफा आला. आत सरांचा फॉर्म होता, सही खोडलेला. सोबत चिठ्ठी होती : 'माझं नाव दुसऱ्या गटात घाल. घरचं जेवण हल्ली फारच फिक्कं लागतं. डबा संपला आहे. शेजारीही मागत आहेत. सरुबाईंना कळव.'

साक्षीने रकान्यातलं एकुलतं एक नाव खोडलं आणि ओरडली, "बुद्धभूषण, आजच्या एसटीचं तिकीट काढ! पुण्यात दुसरा डबा पोचायच्या आत वीस माणसं गोळा करायला हवीत!"