भागीरथी साळू विमान उतरवते

एका जंगलात, बाळांनो, विमान चालवायला शिकवणारी शाळा निघाली. जंगलात पक्षी भरपूर होते. त्यामुळे उडण्याची तशी टंचाई नव्हती. तरी शाळा निघाली.

विमान एकच होतं, दोघांपुरतं. शिकवायला बगळे मास्तर होते. त्यांच्याकडे भागीरथी नावाची साळू शिकत होती. तिच्या घराण्यात झाडावरसुद्धा कोणी चढलं नव्हतं. म्हणून तर तिला उडायचं होतं.

एका सकाळी मास्तरांनी तिला पहिल्यांदाच एकटीला वर पाठवलं. वर सगळं छान झालं. नदीचं वळण दिसलं, पलीकडचा डोंगर दिसला. भागीरथीला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

घोळ झाला तो उतरताना. जमीन अगदी हाताशी आली की विमानाचं नाक हलकेच उचलायचं असतं. धावपट्टीच्या कडेला करवंदीची उंच जाळी होती. भागीरथीने जाळीच्या शेंड्याशी येताच नाक उचललं. वेग गेला आणि विमान तिथूनच धप्पकन खाली आलं. उसळलं, पुन्हा आदळलं आणि एक चाक वाकडं करून थांबलं. भागीरथीचे काटे गादीत असे रुतले, की तिला गादीसकट बाहेर काढावं लागलं.

लगेच चौकशी समिती बसली. अध्यक्ष होते भालेराव अस्वल. ते कधीच विमानात बसले नव्हते, म्हणून त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणाला शंका नव्हती.

आता आपल्याला काढून टाकणार, अशी भागीरथीला भीती होती. तरी ती खरं तेच बोलली.

"चूक माझी आहे. मी नाक फार लवकर उचललं. मला उतरणं पुन्हा शिकवा."

भालेराव गंभीर झाले. विद्यार्थिनी चुकली म्हणजे मास्तर चुकले. मास्तर चुकले म्हणजे शाळा चुकली. आणि शाळेचं उद्घाटन त्यांनीच केलं होतं.

चार दिवसांनी अहवाल आला. विमानाला जमीन जोरात लागली, त्याअर्थी जमीन प्रमाणाबाहेर वर आहे, असं त्यात म्हटलं होतं. धावपट्टी हातभर खणून खाली नेण्यात आली.

भागीरथी मास्तरांकडे गेली. मला फक्त दहा वेळा उतरून दाखवा, म्हणाली. मास्तर एका पायावर उभे होते. त्यांनी दुसरा पाय खाली टेकवला आणि हळूच म्हणाले, "अगं, तू चुकलीस असं कागदावर कुठेच नाही. न झालेली चूक मी सुधारू कशी?"

चाक सरळ झाल्यावर भागीरथीला पुन्हा वर पाठवलं. तिने पुन्हा जाळीच्या शेंड्याशीच नाक उचललं. या वेळी ती हातभर जास्त पडली. दोन्ही चाकं गेली.

समिती पुन्हा बसली. काय झालं, असं भालेरावांनी विचारलं. भागीरथी गादीला चिकटलेलीच होती. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आभाळाकडे पाहत होते.

"जमीन अजून वर आहे," ती म्हणाली.

समितीने टाळ्या वाजवल्या. भागीरथीला तिथल्या तिथे वैमानिकाचा बिल्ला मिळाला. हल्ली ती नव्या मुलांना उतरायला शिकवते. धावपट्टीवर जायला आता शिडी लागते.

तात्पर्य : बाळांनो, चूक झाली की ती मोकळ्या मनाने कबूल करावी. मात्र ती झाली आहे का, हे आधी समितीला विचारून घ्यावं.