दुसरी पेन्शन आणि वॉशिंग मशीन

पेन्शन कार्यालयात तीस वर्षं खुर्ची झिजवलेल्या माणसाला पेन्शनचे नियम कुणी शिकवू नयेत! त्यामुळे सरकारी नोकरीच्या आधी मी ज्या बल्बच्या कारखान्यात होतो, तिथलीही पेन्शन मंजूर झाली, तेव्हा बायकोला ऐटीत सांगितलं, "आता दोन-दोन पेन्शनी! तुझं मनगट दुखतं ना? घेऊनच टाकू वॉशिंग मशीन!"

"आधी पैसे हातात येऊ देत," ती म्हणाली. तिचा स्वभावच संशयी. मी मशीन नोंदवूनही टाकलं.

कारखान्याचे कागद मी स्वतः माझ्या जुन्या पेन्शन कार्यालयात नेऊन दिले. तीन प्रतींत, टाचण्या लावून! नियम म्हणजे नियम.

पुढच्या महिन्यात कारखान्याची पेन्शन आली, आणि सरकारी पेन्शन नेमकी तेवढ्यानंच घटली!

बायकोला घेऊन तडक कार्यालय गाठलं. खिडकीतली मुलगी नवी होती, मला ओळखत नव्हती.

"काका, दुसरी पेन्शन असली की तेवढी रक्कम सरकारी पेन्शनमधून वजा होते."

"असा नियमच नाही!"

"आहे, काका."

"मग कुठल्या गाढवानं काढला?"

मी असं म्हणायचा अवकाश, मागची अख्खी रांग पेटली. आजोबा मंडळी काठ्या आपटायला लागली, "गाढवाला बाहेर काढा!" एक आजी तर चप्पल हातात घेऊनच पुढे आल्या. मला भलताच जोर चढला. "परिपत्रक दाखवा! सही बघू द्या!"

मुलीनं धूळ झटकून फाइल उघडली. परिपत्रक वीस वर्षांपूर्वीचं. खाली सही.

मी फाइल हळूच माझ्याकडे ओढली.

"कोण आहे हो मेला?" आजींनी विचारलं.

"पुसट आहे," मी म्हणालो.

बायकोनं चष्मा लावला. "अहो, ही तर आपल्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावरची सही!"

आता काय सांगू! चहाच्या वेळेला शिपाई गठ्ठा आणायचा, मी सह्या ठोकायचो. वाचत कोण बसतो? आजींचा नेम चुकला, एवढंच नशीब.

घरी येऊन मशीनची नोंदणी रद्द केली. तिचं सुजलेलं मनगट बघून मला खरंच लाज वाटली. तिनं माझ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि शेजारी एक कागद.

"इथे सही करा."

मी केली.

तेव्हापासून घरातले कपडे मी धुतो. चादरीसुद्धा. तिसरं कलम आहे म्हणे!