मावशी पाण्याच्या दारातून येणार

विमानतळावरून हॉटेलात माणूस कसा आणायचा, हे मला व्हेनिसमध्ये कुणी शिकवायला येऊ नये. माझा जन्म गेला या पाण्यात. स्वतःची होडी आहे, होडीला मोटर आहे आणि बायकोच्या माहेरचं दहा खोल्यांचं हॉटेल आम्ही दोघं चालवतो. म्हणजे मोटर मी चालवतो, हॉटेल फ्रान्का चालवते. पाहुण्यांना मी नेहमी सांगतो, "बस नको, पायपीट नको. मोमीला फोन करा, मोमी न्यायला येईल."

तर त्या जानेवारीत फोन आला तो घरातल्याच माणसाचा होता. नेरिनामावशीचा. माझ्या सासूबाईंची ही धाकटी बहीण चाळीसएक वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली, ती परत आलीच नव्हती. आता नवरा वारला होता, स्वतःचं वय ऐंशीला टेकलं होतं, आणि डॉक्टरांनी प्रवासाला कशीबशी परवानगी दिली होती. फ्रान्काला म्हणाली, "एकदा ओन्दिनाला बघते आणि जाते. पुन्हा काही माझं येणं व्हायचं नाही."

ओन्दिना म्हणजे माझ्या सासूबाई. दोघी बहिणींचं बोलणं तेव्हापासून बंद. आई अंथरुणाला खिळलेली असताना धाकटी परदेशी निघाली, आणि निघताना घराचं दार धाडकन आपटलं. कुणी आपटलं, यावर आमच्याकडे दोन पंथ होते. सासूबाई म्हणायच्या, जाता जाता तिने माझ्या तोंडावर आपटलं. मावशी दर नाताळला फ्रान्काला फोनवर सांगायची, तुझ्या आईने ते माझ्या पाठीवर आपटलं. तेच दार अजून आहे. मीच त्याला दर वर्षी तेल लावतो.

फ्रान्काने आईला विचारलं. सासूबाई पहिल्या मजल्यावरच्या खोलीत असतात, गुडघे गेल्यापासून खाली उतरत नाहीत, स्वयंपाकही वरच शेगडीवर करतात. म्हणाल्या, "येऊ दे की. हॉटेल आहे, जर्मन येतात, जपानी येतात, ही येईल. पण त्या दारातून नको. त्या दारात ती उभी राहिली तर मी भिंतीकडे तोंड करून पडेन."

मावशीचं उत्तर आलं, "त्या दारात मी तरी कुठे पाय ठेवणार आहे? मी दुसरीकडे उतरते."

फ्रान्का डोक्याला हात लावून बसली. दोघी एका गावात येऊन न भेटताच परत जायच्या, अशी लक्षणं दिसत होती. तेव्हा मी पुढे झालो.

"एवढंच ना? घराला दारं दोन आहेत. एक गल्लीतलं, एक पाण्यावरचं. मावशीला मी विमानतळावरून होडीत बसवतो आणि थेट पाण्याच्या दाराच्या पायरीवर उतरवतो. दोघींचा मान राहतो की नाही?"

फ्रान्का माझ्याकडे बघत राहिली. कौतुकाने बघतेय असं मला वाटलं. "मोमी, ते दार शेवटचं कधी उघडलं होतं?"

"दार आहे, उघडेल."

"आधी बघून ये."

"बघतो," म्हणालो. आता नवऱ्याचं 'बघतो' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मी पाहिली. पाण्याचा अंदाज. आमच्या कालव्यावरचा पूल बुटका आहे, पाणी चढलं की होडी त्याखालून जात नाही. अंदाजात लिहिलं होतं, पाणी चढणार नाही. मी निर्धास्त झालो. आम्ही लोक थंडीभर एकच धास्ती घेऊन जगतो, पाणी चढेल का. उतरेल किती, हे कोण बघतो?

विमानतळावर मावशी आली ती चिमुकली, डोक्यावर लोकरीची टोपी, मागे तिच्यापेक्षा मोठी बॅग. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "तू मोमी? फोटोत तुला केस होते."

"फोटो जुना आहे, मावशी."

"असू दे. चल."

होडी खाडीत निघाली. वाऱ्यात मावशी ताठ बसली होती, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. मग म्हणाली, "ओन्दिना चिडलीय का?"

"नाही हो."

"मग फार आजारी असेल."

मला हसू आलं, पण तिला आलं नव्हतं. तिने पर्स आणखी घट्ट धरली. "मोमी, ती तोंड फिरवेल का रे? एवढं लांब आले. तिने तोंड फिरवलं तर मी काय करू, याचा विचार मी विमानभर केला. काही सुचलं नाही."

मला तिची फार दया आली. म्हणालो, "मी आहे ना." माझ्या असण्याने आजवर काय काय झालंय हे तिला ठाऊक नसल्यामुळे तिला जरा धीर आला.

थोड्या वेळाने तिने पाण्यातल्या खांबांकडे बोट दाखवलं. "शेवाळ फार वरपर्यंत उघडं पडलंय. पाणी उतरतंय का?"

"मावशी, तुम्ही इतकी वर्षं वाळवंटात काढलीत..."

"मेलबर्नला समुद्र आहे."

"बरं, पण हे पाणी मला विचारा."

आमच्या कालव्यात वळलो. बुटक्या पुलाखालून इतके आरामात गेलो की मावशीला टोपीसुद्धा सावरावी लागली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पुढे हॉटेलच्या खिडक्या दिसायला लागल्या आणि होडीने एक लांब ढेकर दिला. मोटरने काळा चिखल उडवला. होडी जरा कलंडली आणि तिथेच बसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वरची खिडकी उघडली. ब्रुनाकाकू. हॉटेलसमोरच्या घरात राहतात, त्यांची खिडकी बरोबर आमच्या डोक्यावर.

"मोमी, आज ओहोटी आहे."

"दिसतंय काकू."

"म्हातारीची ओहोटी, वर्षातली सगळ्यात मोठी. दर जानेवारीत येते."

"माहीत आहे काकू."

"मग?"

मी वाकून चिखल बघितला. उतरायची सोय नव्हती, चिखल कंबरभर. दोन्हीकडे उंच, बुळबुळीत भिंती, त्यावरून मावशीला चढवणं अशक्य. "बंबवाल्यांना बोलावू का?" काकूंनी विचारलं. बंबवालेही आमच्याकडे होडीनेच येतात. म्हणजे माझ्या शेजारी तेही बसले असते. भरती येईपर्यंत, अगदी तिन्हीसांजेपर्यंत, इथेच मुक्काम होता.

आणि मग हॉटेलच्या पहिल्या मजल्याची खिडकी उघडली. सासूबाई. खांद्यावर शाल. त्यांनी मावशीकडे बघितलंच नाही.

"मोमी, जेवायची वेळ काय ठरली होती?"

मावशी माझ्याकडे वळली. "तिला सांग, मी वेळेवर उतरले होते."

"आई, त्या म्हणतात..."

"ऐकू येतं मला. तिला विचार, विमानात काही खाल्लं का."

"मावशी, त्या विचारतात..."

"सांग, विमानातलं कुणी खातं का."

दोघींमध्ये कालव्याचा एक तुकडा होता आणि मी होतो. कालव्याचा उपयोग जास्त होत होता. एव्हाना चार खिडक्या उघडल्या होत्या. कुणी तरी कॉफीचा कप घेऊन बसलं.

मग फ्रान्का घरातून झाकलेलं भांडं घेऊन पूल ओलांडून धावत ब्रुनाकाकूंकडे गेली आणि वरून दोरीला टोपली आली. टोपलीत कांदा-व्हिनेगरातली थंड तारली आणि मक्याची उकड. पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "मोमी, तिला सांग, ब्रुनाने केलंय."

ब्रुनाकाकू काही तरी बोलणार होत्या, पण फ्रान्काने त्यांचा हात दाबलेला मला दिसला.

मावशीने एक घास घेतला. हळूहळू चावला. दुसरा घेतला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने खिडकीकडे मान वर केली.

"ओन्दिना, आईच्या दुप्पट मनुका घालतेस तू यात."

"तुला आवडायच्या," सासूबाई म्हणाल्या.

"मी तर इथे नव्हते."

"म्हणून काय झालं?"

कॉफीवाल्याने कप खाली ठेवला.

"मग दार का आपटलंस माझ्या पाठीवर?" मावशीने टोपली बाजूला ठेवली. "दोन पावलं तरी पुढे जाऊ द्यायचं होतंस."

"मी आपटलं? मी आईच्या खोलीत होते. तू आपटलंस."

"माझ्या दोन्ही हातांत सामान होतं, ओन्दिना. मी कशाने आपटू?"

कालव्यात चिखल तेवढा बुडबुडत होता. सासूबाईंनी शाल ओढून घेतली. "स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती त्या दिवशी," त्या सावकाश म्हणाल्या. "वारा होता."

"वारा होता," मावशी म्हणाली. "पण मी पुलावर उभी होते, कितीतरी वेळ. वाटलं, उघडशील."

"माहीत आहे. आईची खोली हीच. मी याच झडपेआडून बघत होते."

"मग?"

"मग काय. वाटलं, आपटून गेलीय तर वळून तीच येईल. तू वळलीस ती थेट बोटीकडेच." सासूबाईंनी झडपेवर हात ठेवला. "दार वाऱ्याने लावलं असेल. पण उघडलं नाही मीच. त्याचं खापर वाऱ्यावर कसं फोडू?"

मावशी रडत होती. ब्रुनाकाकूही रडत होत्या. मी मोटर तपासायला घेतली. मोटरला काहीही झालेलं नव्हतं.

त्यानंतर त्या दोघी जे बोलत सुटल्या, ते अंधारून येईपर्यंत. आईचं शेवटचं आजारपण, ऑस्ट्रेलियातली उष्णता, कोण गेलं, कोण आहे. माझ्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं, तारलीही मला एकच मिळाली. भरती कधी आली ते कळलंच नाही. होडी आपसूक हलली, मी मोटर लावली आणि ऐटीत पाण्याच्या दाराच्या पायरीला होडी लावली.

"फ्रान्का, उघड."

आतून फ्रान्काचा आवाज आला. "मोमी, मागच्या वर्षी पाणी चढलं होतं, त्यानंतर तू आतून काय केलंस?"

आठवलं. पाणी आत येऊ नये म्हणून मी त्या दारामागे छातीभर उंचीची भिंत बांधली होती. स्वतःच्या हातांनी. भिंतीला लागून हॉटेलची दोन्ही धुलाई यंत्रं ठेवली होती.

मावशी गारठली होती. पायरीकडे बघून म्हणाली, "राहू दे, मोमी. भेट झाली म्हणायची. मला दुसऱ्या एखाद्या हॉटेलात सोड."

मी वर बघितलं. सासूबाईंची खिडकी रिकामी. भिंतीकडे तोंड करून पडल्या, संपलं सगळं.

तेवढ्यात पुलाच्या पायथ्याशी, गल्लीच्या तोंडाशी असलेलं आमचं ते दुसरं दार करकरलं. दोन वर्षांत जिना न उतरलेल्या सासूबाई काठी टेकत उंबऱ्यात आल्या होत्या. उघड्या दाराला पाठ लावून, त्यावर सगळा भार देऊन उभ्या होत्या.

"ये लवकर," त्या म्हणाल्या. "वारा आहे."

मी होडी पुलाशी लावली. मावशी माझा हातही न धरता पायऱ्या चढून गेली.

जेवायला सगळे एकत्र बसलो. दोघी बहिणी शेजारी शेजारी. सासूबाईंनी मावशीच्या ताटातल्या तारलीवर आणखी मनुका टाकल्या आणि टेबलाभोवती नजर फिरवली.

"चांगलं गल्लीतलं दार असताना," त्या म्हणाल्या, "या बिचारीला दिवसभर चिखलात बसवायचं खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"पण आई, तुम्हीच म्हणाला होतात..."

"मी काहीही म्हणेन," सासूबाई म्हणाल्या. "माझं वय काय, तुझं वय काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटातल्या मनुका मोजू लागलो. माझ्या वाट्याला एकही आली नव्हती.