आबा मागेच बसलेत

सायकलच्या पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या सस्पेन्शन फोर्कमधलं मला सगळं कळतं, हे मी आजवर छाती ठोकून सांगत आलो. सांगलीच्या हळदीच्या पेढीवर गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर मी त्याचे इतके व्हिडिओ पाहिलेत, की आमचे शेठ मला ‘मिस्त्री’ म्हणूनच हाक मारतात. तीही चिडले की, हा भाग वेगळा.

याच जोरावर मी सृष्टीला शब्द दिला, “तुझ्या आबांना मी परत सायकलीवर बसवतो.”

सृष्टी माझी बायको. तिचे आबा, म्हणजे माझे सासरे तानाजीराव, कोयनानगरला वीजगृहात नोकरीला होते आणि जन्मभर सायकलीवरून कामावर गेले. मग काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून ते खिडकीशी खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्यावर घंटी वाजली की विचारतात, “कुणाची सायकल गं?” म्हणून मी दोघांनी पुढेमागे बसून चालवायची जुनी टँडेम सायकल मिळवली. पुढे मी, मागे आबा. आबांची कंबर धक्के सोसत नाही, म्हणून पुढच्या चाकाला हवेवर दबणारा नवा फोर्क बसवला आणि सगळं टेम्पोत घालून कोयनानगर गाठलं.

आता राहिलं फक्त सेटिंग. दोघांचं वजन पडल्यावर फोर्क थोडा दबला पाहिजे, पार बसता कामा नये. तेवढी हवा भरायची. मग उसळ्या मारून तो सावकाश वर येतो का ते बघायचं. पोरखेळ!

हे काम अंगणात केलं असतं तर सल्ले द्यायला निम्मी कॉलनी जमली असती. मला गर्दी नको होती. म्हणून सायकल जिन्यावरून वर घरात चढवली आणि मागचं चाक दिवाण आणि भिंतीच्या मध्ये अडकवलं. सृष्टी आणि सासूबाई खाली राहणाऱ्या अंबूबाईंकडे चहाला गेल्या होत्या. मैदान मोकळं होतं.

आबा मागे बसले, मी पुढे, खिडकीचा गज धरून. बसताक्षणी फोर्क धाडकन तळाला टेकला.

“काय मोडलं?” आबा म्हणाले.

“काय न्हाई आबा, हवा कमी हाय.”

उतरलो, पंप मारला, पुन्हा चढलो. आता कसा झकास दबला! मी म्हणालो, “आबा, आता उसळ्या मारायच्या. मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं न्हाई.”

“तुमी म्हनाल तसं, जावईबापू,” आबा म्हणाले आणि सुरू झाले. कितीतरी दिवसांनी सायकलीच्या सीटवर बसले होते. गडी रंगात आला.

मी वाकून फोर्ककडे बघत होतो, तेवढ्यात खालून अंबूबाईंची किंकाळी आली, “धक्का! भायेर पळा!”

कोयनानगरची माणसं भूकंपाला सरावलेली. मी सांगलीचा. पूर सांगा, मांडीभर पाण्यात उभा राहून चहा पिईन. पण जमीन हलणं आपल्याला जमत नाही. मी जागच्या जागी थिजलो. मी थिजलो, तरी घर हलतच होतं! खाली अंबूबाईंच्या मांडणीवरची भांडी खणखणत होती. मग माझं डोकं बंद पडलं आणि पाय सुरू झाले. जिना मी उतरलो की पडलो, आठवत नाही.

अंगणात सगळी कॉलनी जमली होती. शेजारचे शंभूराज हात वर करून सांगत होते, “तीन रिश्टरच्या वर हाय. लिहून घ्या.” त्यांनी मलकापूरला गुंडा नावाच्या मेव्हण्याला फोन लावला. गुंडाचा पलंगच म्हणे भिंतीपासून सरकला होता.

“पर ह्यो थांबंना कसा?” अंबूबाई म्हणाल्या. आत भांडी वाजतच होती.

तेवढ्यात सृष्टीनं माझा दंड धरला. “आबा कुठायत?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मागं बसल्यात.”

सगळ्यांनी माझ्या मागे पाहिलं. मग कुणीतरी वर पाहिलं. खिडकीत आबांचं डोकं वर येत होतं, खाली जात होतं. डोकं खाली गेलं की अंबूबाईंची भांडी वाजत होती. मी थांबा म्हणालोच नव्हतो ना!

मेव्हणा फोनवर सांगतच होता, की त्याच्या स्वयंपाकघरात डबे पडले. शंभूराजांनी गुपचूप फोन खिशात घातला.

आम्ही वर गेलो. आबा घामाघूम, चेहरा फुललेला. “झालं का सेटिंग?” त्यांनी विचारलं. सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. आबांचं हसू विझलं. ते चाचपडत खाली उतरले, खुर्चीत जाऊन बसले.

“अंबू वरडली, पर तुमी थांबा म्हनला न्हाई; म्या आपला इस्वासानं उड्या मारतोय, आन तुमी पळाला व्हय?” ते म्हणाले. “ज्याच्या डोळ्यांच्या भरवशावर म्या बसायचं, त्योच न्हाई जागंवर.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सृष्टीनं तर जेवताना भाकरी माझ्या ताटात लांबूनच टाकली.

सकाळी मी तोंड लपवत सायकल खाली आणली, टेम्पोत घालून परत न्यायची म्हणून. बघतो तर दारात आबा, सासूबाईंचा हात धरून. पायात कामावरचे जुने बूट.

“बसा म्होरं,” ते म्हणाले.

मी बसलो. ते मागे बसले आणि माझ्या शर्टाचं टोक त्यांनी मुठीला पीळ देऊन गुंडाळलं. “आता बघू कसं पळताय.”

निघणार, तोच आत भांडी खणखणली.

दारातल्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या अंबूबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. “जावईबापू, हलू नगा की जरा.”

“मी हाललो न्हाई हो!”

आबांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकवले होते. ते शांतपणे म्हणाले, “अंबू, ह्यो खरा हाय.”

माझे पाय पळायला सुटले. पण शर्ट आबांच्या मुठीत, उतरणार कसा? मग पाय पेडलवरच पळाले. सायकल सुसाट निघाली. खड्डे येत होते, जात होते, फोर्क गुमान दबत होता, वर येत होता. वळणावर आबांनी घंटी चाचपडली, ती पुढे माझ्या हँडलला होती, म्हणून त्यांनी तोंडानंच वाजवली. मागे वळून पाहिलं तर म्हातारा हसत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी आणखी जोरात मारली.

गावाबाहेर बरंच लांब आल्यावर आबांनी माझा शर्ट ओढला.

“जावईबापू, दमानं घ्या आता. भूकंप कवाच थांबलाय.”