पंजा कापण्याची परवानगी

एका जंगलात, मुलांनो, एक कचेरी होती. जंगल तिच्याभोवती मागाहून वाढलं, असं कचेरीतले प्राणी म्हणत.

या कचेरीत भार्गवराव साळिंदर छत्तीस वर्षं कारकून होते. लिहायला ते स्वतःच्याच पाठीवरचा काटा उपटत. त्यामुळे लेखणीसाठी कधी मागणीपत्र लिहावं लागलं नाही, याची त्यांना थोडी खंतच होती.

एके दिवशी ते निवृत्त झाले. वाघसाहेबांनी शाल दिली, नारळ दिला, खांद्यावर पंजा ठेवला आणि फोटो निघाला. जंगलात फोटो कसे निघतात, ते विचारू नका. प्राणी बोलतात कसे, हे तुम्ही विचारलं नाहीत, तसंच.

घरी बसल्यावर भार्गवरावांनी स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावले. चहा आणि साखर यांच्यामध्ये अकरा डबे आले. आठव्या दिवशी त्यांच्या पत्नी गोदाबाई म्हणाल्या, "अहो, कुठेतरी जात जा. आणि जवळपास नको."

म्हणून भार्गवराव ज्येष्ठ प्राण्यांच्या हस्तकलेच्या वर्गात जाऊ लागले. वर्ग सुगरणबाई घेत. खरं तर सुगरणीचं घरटं नर विणतो. पण वर्ग बाई घेत आणि नर घरी घरटं विणत असे.

आधी कागदी फुलं झाली. शेजारी बसणाऱ्या तात्या अस्वलाचा गुलाब कोबीसारखा झाला. भार्गवरावांचा गुलाब कशासारखाच झाला नाही. मात्र त्याच्या सगळ्या पाकळ्या एका मापाच्या होत्या आणि प्रत्येकीच्या मागे क्रमांक होता. उरलेला कागद पाठीच्या काट्यांना अडकला, तो तसाच घेऊन ते घरी गेले.

"लग्नातसुद्धा एवढे सजला नव्हता," गोदाबाई म्हणाल्या.

मग सुगरणबाईंनी सांगितलं, "आता घरच्यांचा एक फोटो आणा. त्याला फुलांची चौकट करू. शनिवारी प्रदर्शन आहे."

भार्गवरावांनी फोटोंचा डबा काढला. मुलीच्या बारशाच्या फोटोत ते नव्हते. तेव्हा मार्चअखेर होती. तिच्या लग्नात ते मंगलाष्टकांपर्यंत होते. फोटोच्या वेळी एका तातडीच्या टिपणावर सही घ्यायला गेले होते. ते टिपण अजून प्रलंबित आहे.

"अहो, मी एकाही फोटोत नाही!"

"तीस वर्षांत लक्षात आलं," गोदाबाई म्हणाल्या. "कचेरीच्या मानानं लवकरच म्हणायचं."

मुलगी विमल आणि नात चिमी येत्या सोमवारी पलीकडच्या जंगलातून यायच्या होत्या, पाच दिवसांसाठी. चिमीला आजोबा नुसते ऐकून ठाऊक होते. भार्गवरावांनी मनाशी ठरवलं, की प्रदर्शन गेलं तरी चालेल, पण चिमी परत जाताना तिच्या हातात चौकट असेल आणि चौकटीत आजोबा असतील.

"सोपं आहे," सुगरणबाई म्हणाल्या. "दुसऱ्या फोटोतून स्वतःला कापा आणि लग्नाच्या फोटोत चिकटवा. हल्ली सगळे तेच करतात."

"मी माझे दोन मुलगे शेजारी-शेजारी चिकटवलेत," तात्या म्हणाले. "बारा वर्षं बोलत नाहीत एकमेकांशी. म्हणून मध्ये एक झेंडू लावलाय. खबरदारी."

भार्गवरावांचा स्वतःचा असा एकच फोटो होता, निरोपाचा. ते शाल कापत आले, नारळ कापत आले, आणि खांद्यापाशी कात्री थांबली.

"कापा की," तात्या म्हणाले.

"साहेबांचा पंजा आहे."

"फोटोतला आहे तो."

"फोटोतला असला म्हणून काय झालं? साहेबांचाच ना?"

"मग वरून एक फूल चिकटवा."

"साहेबांना झाकू?" भार्गवरावांचे सगळे काटे उभे राहिले. तात्या जरा लांब सरकले.

त्याच संध्याकाळी भार्गवरावांनी पाठीवरचा एक चांगला काटा उपटला आणि अर्ज लिहिला. विषय: छायाचित्रातील पंजा कापण्यास परवानगी मिळणेबाबत.

सोमवारी विमल आणि चिमी आल्या, तेव्हा भार्गवराव कचेरीत होते. त्यांच्या जुन्या टेबलावर आता एक तरुण मुंगूस बसत असे.

"या काका, बसा. अर्ज दोन प्रतींत लागेल."

मंगळवारी वाघसाहेब शिकारीच्या दौऱ्यावर होते. बुधवारी मुंगूस म्हणालं, "काका, पंजा डावा की उजवा, ते अर्जात लिहिलेलं नाही."

भार्गवराव रागावतील असं तुम्हाला वाटलं ना? छे. ते गहिवरले. "हा मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता."

"तुमच्याच फायली वाचून शिकलो, काका."

इकडे घरी चिमी आजीला विचारत होती, "आजी, आजोबा रोज कुठे जातात?"

"कचेरीत."

"पण ते रिटायर झालेत ना?"

"आम्हालाही तसंच वाटलं होतं, बाळ."

गुरुवारी शाई वाळायची होती. शुक्रवारी सकाळी आदेश हातात पडला. 'सदर उजवा पंजा, एका वेळेपुरता, कापण्यास हरकत नसावी.' भार्गवराव धावत निघाले. धावताना वाटेत चार काटे गळाले, त्यांची नोंदही त्यांनी घेतली नाही.

बिळात गोदाबाई एकट्या तांदूळ निवडत होत्या.

"विमल कुठाय?"

"गेली. लांबचा पल्ला आहे. तुमच्यासाठी तासभर थांबली. मग आम्ही एक फोटो काढला आणि त्या निघाल्या."

फोटो तिथेच पडला होता. गोदाबाई होत्या, विमल होती, आणि पुढे चिमी होती. सगळ्या समोर बघत होत्या, एकटी चिमी उजवीकडे बघत होती.

"ही समोर का बघत नाही?"

"वाटेकडे बघतेय. मी म्हटलं होतं तिला, येतील एवढ्यात. जिभेला सवय आहे माझ्या."

भार्गवराव आदेश हातात धरून उभे राहिले. आदेशाची तारीख त्यांनी पुन्हा एकदा वाचली.

"आता चिकटवा स्वतःला," गोदाबाई म्हणाल्या. "परवानगी मिळालीय ना?" त्या रागावून बोलल्या नाहीत. रागावणं त्यांनी विमलच्या लग्नानंतर सोडलं होतं.

मग भार्गवरावांनी साहेबांचा पंजा नियमानुसार कापला, आणि स्वतःला फोटोच्या उजव्या कडेला चिकटवलं, चिमी बघत होती तिथे.

शनिवारी प्रदर्शनात त्यांच्या चौकटीला पहिलं बक्षीस मिळालं. सुगरणबाई सगळ्यांना सांगत होत्या, "पाहिलंत? नातीची नजर आजोबांवरून हलत नाही!"

प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी डोळे पुसले. गोदाबाईंनीही टाळ्या वाजवल्या, दोन.

तात्पर्य: घरच्यांसाठी वेळ काढावा, असं सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. त्या भानगडीत पडू नये. वेळ काही केल्या टिकत नाही. त्यापेक्षा डिंक चांगल्या प्रतीचा घ्यावा.