अस्सल स्क्रू

"जुनी वस्तू सांभाळायला नुसते हात असून चालत नाही, त्यामागे एक संस्कृती लागते!" जावईबुवांनी जेवणाच्या टेबलावरून जगाला उद्देशून सांगितलं.

"संस्कृती असू दे. आधी कोपर उचला, पडद्याला तेल लागतंय," बायको म्हणाली.

जगाने दखल घेतली नाही, म्हणून जावईबुवांनी कोपर उचललं. टेबलाच्या एका टोकाला बायकोचं शिलाई मशीन आणि अर्धवट शिवलेला पडदा होता. दुसऱ्या टोकाला जुन्या चादरीवर सासऱ्यांची पंप-अ‍ॅक्शन शॉटगन पसरली होती. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढून पुढे ढकलली की नवं काडतूस आत जातं, त्या जातीची. जातं म्हणजे, एके काळी जायचं. आता तिचं काळीज काढून, रीतसर कागदपत्रं करून ती कायमची निकामी केलेली होती. "म्हणूनच माझं आणि तिचं जमतं," असं नुकतेच निवृत्त झालेले जावईबुवा सांगत.

सासऱ्यांच्या घराला रंग लागत होता, म्हणून बंदूक इकडे आली होती. रविवारी जुन्या बंदुकांचे एक पारखी ती बघायला येणार होते. "ते जर म्हणाले की नीट राखलीय, तर राहू द्या तुमच्याकडेच," सासरे म्हणाले होते. "नाहीतर संग्रहालयाला देऊन टाकू. कोरड्या फडक्याने पुसायची, तेलाचा हलका हात द्यायचा. आणि हे बघा, उघडायची नाही."

त्रयस्थाला यात काही विशेष वाटणार नाही. पण या सासऱ्यांनी लग्न झाल्यापासून जावयाला घरातल्या कशालाही हात लावू दिला नव्हता. बल्ब बदलायचा असला तरी ते स्वतः शिडीवर चढत, जावयाला शिडी धरायला सांगत आणि वर पोचल्यावर लेकीला हाक मारत, "अगं, जरा यांच्याकडे लक्ष ठेव." यात सासऱ्यांचं फार चुकत होतं असंही नाही. "मी पाना हातात घेतला की घरातली यंत्रं मृत्युपत्र करायला बसतात," हे जावईबुवांचं स्वतःचंच वाक्य. तरीही बंदूक हातात आली, तेव्हा नोकरीतल्या शेवटच्या बढतीपेक्षा त्यांना बरं वाटलं. बढती काय, वयानेही मिळते.

त्यांनी ग्रंथालयातून दोन जाडजूड पुस्तकं आणली आणि ती वाचल्याची शिक्षा बायकोला दिली.

"हा नळीवरचा आकडा आणि हा अंगावरचा. दोन्ही एकच पाहिजेत. म्हणजे जन्मापासूनची जोडी. वेगळे निघाले तर समजायचं, दुसरं लग्न."

"बरं."

"हा निळसर काळा रंग मूळचा. घासून चकचकीत केला की किंमत गेली! अडाणी लोक नेमकं तेच करतात."

"आईचं पितळी घड्याळ कोणी घासलं होतं हो?"

"तेव्हा मी अडाणी होतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे स्क्रू. स्क्रूची खाच झिजलेली दिसली की ओळखायचं, इथे कुणीतरी उपद्व्याप केलाय."

बायकोने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "आणि उपद्व्याप करणारा समोरच बसलेला असेल, तर त्याची काय किंमत धरतात?"

दोरा संपला होता. त्याच रंगाचा दुसरा आणायला ती बाहेर पडली. घरात राहिले जावईबुवा, बंदूक आणि पुस्तकातलं एक वाक्य. काही बंदुकांत म्हणे लाकडी मुठीच्या आतही एक आकडा कोरलेला असतो. सासऱ्यांनी उघडू नका म्हटलं होतं, हे खरं. पण उघडणं वेगळं आणि एकच स्क्रू थोडा सैल करणं वेगळं. हा सूक्ष्म भेद त्यांनी तिथल्या तिथे शोधून काढला.

स्क्रू निमूटपणे सुटला. बोटांतून निसटला. टेबलावरून खाली उतरला, टणटण करत बाल्कनीत गेला, सांडपाण्याच्या जाळीच्या काठावर निरोप घेतल्यासारखा क्षणभर थांबला आणि आत गेला. मुठीच्या आत आकडा नव्हताच.

जावईबुवांनी फ्रिजवरचा लोहचुंबक सोडवला, दोरीला बांधला आणि पालथं पडून जाळीत सोडला. पहिल्या खेपेला हेअरपिन आली. दुसऱ्या खेपेला बाटलीचं झाकण. तिसऱ्या खेपेला मागे नळ दुरुस्त करताना 'हा जास्तीचा दिलेला दिसतोय' म्हणून त्यांनी निकालात काढलेला नट आला. नळ तेव्हापासून का गळतो, हे कोडं सुटलं. स्क्रू मात्र आला नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "पारखी आजच मोकळे आहेत. आम्ही निघालो. बंदूक ठीक आहे ना?"

"एकदम! जशी होती तशी," जावईबुवा म्हणाले. ते अजून पालथेच होते.

ते उठले आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात धावले.

"स्क्रू हवाय."

"नमुना आणलाय?" दुकानदाराने विचारलं.

"नमुनाच हरवलाय."

"कशाला लावायचाय?"

"एका जुन्या वस्तूला."

"काका, वस्तूचं नाव तरी सांगा."

"अब्रू," असं जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं आणि मूठभर वेगवेगळे स्क्रू घेऊन घरी आले. एकही बसेना. काही आत जाईनात, काही इतके सहज गेले की तसेच परत बाहेर आले. जावईबुवांनी कपाळावरचा घाम पुसला, आणि त्यांची नजर शिलाई मशीनवर गेली.

मशीन सासूबाईंचं. लेकीला शिवणाची आवड, म्हणून त्यांनी ते दिलं होतं. सुईखालची पोलादी पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली. त्यातला एक कुठून तरी आणून ठोकलेला, बोजड, बेढब. दुसरा जुना, गोल डोक्याचा, बारीक खाचेचा आणि हरवलेल्या स्क्रूचा सख्खा भाऊ शोभेल असा. जावईबुवांनी तो काढला आणि बंदुकीला लावून पाहिला. तो असा बसला, जशी माहेरी आलेली लेक पायरी न बघता घरात शिरावी. असं का व्हावं, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पण देव पावल्यावर त्याचा पत्ता विचारायचा नसतो.

तितक्यात बेल वाजली. सासरे, सासूबाई, पारखी आणि जिन्यातच त्यांना गाठलेली बायको असे सगळे एकदम आत आले.

पारखी कमी बोलणारे होते. त्यांनी हातमोजे चढवले, बंदूक उजेडात धरली आणि दस्त्यावरून बोट फिरवलं. "आकडे जुळतायत. घासलेली नाही, छान. गंज नाही. तेल बेताचं आहे." प्रत्येक वाक्यागणिक जावईबुवा थोडे थोडे उंच होत होते. मग पारख्यांनी भिंग काढलं आणि ते मुठीजवळ थांबले. पुष्कळ वेळ थांबले.

"हा स्क्रू..."

जावईबुवा पुन्हा मूळ उंचीवर आले. नवल म्हणजे, शेजारी सासऱ्यांनीही घसा खाकरला आणि ते छत निरखू लागले.

"हा स्क्रू बघा! काय कारागिरी आहे. खाचेला ओरखडासुद्धा नाही. अहो, अशा बंदुका मी पुष्कळ पाहिल्या, पण स्क्रू कुणी ना कुणी बदललेला असतोच. हा अस्सल आहे. याच्यामुळे बंदुकीचं मोल वाढलं. कधी उघडली होती का?"

"कधीच नाही!" सासरे आणि जावई एका सुरात म्हणाले.

मग सासऱ्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाच्या फोटोनंतर प्रथमच. "वस्तू जपायला विश्वासाचा माणूस लागतो," ते म्हणाले. "बंदूक इथेच राहील."

जावईबुवांच्या घशात काहीतरी अडकलं. बहुधा तो हरवलेला स्क्रूच असावा. "मी काय, नुसतं पुसतो," ते पुटपुटले. हे वाक्य खरं असतं तर किती बरं झालं असतं, असंही त्यांना वाटून गेलं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एव्हाना बायको पडदा घेऊन बसली होती. मशीन दोन टाके चाललं, खडखडलं आणि सुई कटकन तुटली.

"अगं आई, पट्टी हलतेय. तुझ्या मशीनचा तो चांगला स्क्रू कुठे गेला?"

"गेला म्हणजे?" सासूबाई उठल्या. "दोन होते गं तसे, जोडीचे. एक त्या मेल्या मशीनवाल्याने लांबवला आणि हे ध्यान ठोकून गेला. तेव्हापासून त्याला दारात उभा केला नाही मी. हे तर म्हणाले होते, पोलिसात देऊ."

छत निरखणारे सासरे आता पंख्याकडे वळले.

सासूबाई टेबलाला वळसा घालून आल्या. त्यांनी पारख्यांच्या हातातलं भिंग न मागताच घेतलं आणि बंदुकीवर वाकल्या. "हाच तो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी जावयाकडे पाहिलं.

"आई, मी परत लावणारच होतो," जावईबुवा म्हणाले. खांद्यावरचा हात केव्हाच निघून गेला होता. "आधीचा जाळीत पडला हो. मी उघडली. मला सांगितलं होतं उघडू नका, तरी उघडली. माझ्यासारख्याच्या हाती बंदूक काय, शिडीसुद्धा देऊ नये."

"ते राहू दे. आधीचा कसा होता?" सासूबाईंनी विचारलं.

"असाच. हुबेहूब. म्हणून तर हा बसला."

सासूबाईंनी भिंग हळूच खाली ठेवलं. मग त्या सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

"बिचारा मशीनवाला," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांना आता बघायला छत उरलं नव्हतं, पंखाही उरला नव्हता. "मला फक्त आतला आकडा बघायचा होता गं," ते म्हणाले.

"नाहीये," जावई हळूच म्हणाले.

"माहितेय," सासरे त्याहून हळू म्हणाले.

पारख्यांनी पेनचं टोपण उघडलं आणि पुन्हा लावलं. "मग मी अभिप्रायात काय लिहू?"

"लिहा, मशीन अस्सल आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलून लेकीच्या हातात दिला. "हा तू काढ. या दोघांतलं कुणी हात लावायचा नाही. आणि दुसराही पाहिजे मला. आजच."

बाप्याची जात दोन पावलं मागे सरली. सासऱ्यांनी बाल्कनीकडे पाहिलं, जाळीकडे आणि तिच्याशेजारी पडलेल्या दोरी बांधलेल्या लोहचुंबकाकडे पाहिलं, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. मग लग्नापासून आजवर कधी न काढलेल्या आवाजात ते म्हणाले, "जावईबापू, तो दोरीचा लोहचुंबक जरा देता का?"